फाटल्याची तारीख

मिरजेच्या सांधे-तपासणी केंद्रात गुडघ्याला बांधायचा तो पट्टा आला २०४३ सालच्या जानेवारीत. नवं यंत्र आलं की आधी ते कुणावर तरी चालवून बघावं लागतं, आणि ज्याच्या गुडघ्यात जुनी, नोंद असलेली इजा आहे असा माणूस मिळाला तर फारच बरं. केंद्राच्या प्रमुख डॉ. समीना मुजावर कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, की बाहेर शोधायला नको, आमच्याकडे घरचाच गुडघा आहे. त्रिशला मगदूमनं सलवार गुडघ्याच्या वर सरकवली आणि उजवा पाय टेबलावर ठेवला.

ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि सोळा वर्षं याच केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करत होती. त्याआधी कधीतरी ती खो-खो खेळायची आणि चांगली खेळायची, हे मिरजेत अजून काही लोकांना आठवत होतं. राज्य शिबिराच्या तोंडावर तिचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. पुढं लग्नाचं कुणी विचारलं तरी ती गुडघाच सांगायची. गावाला का येत नाहीस, जिना का चढत नाहीस, मांडी घालून का बसत नाहीस, सगळ्याला एकच उत्तर. त्या उत्तराची तिला इतकी सवय झाली होती, की ते देताना आता आत काहीच हलत नसे.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मध्ये दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. चंद्रकोरीसारखा आकार, रबरासारखा चिवटपणा. माणूस चालतो, उड्या मारतो, तेव्हा अंगाचा भार त्या झेलतात. पाय जमिनीत रोवलेला असताना वरचं शरीर गर्रकन फिरलं, की या गादीला चीर जाते. गुडघा लगेच सुजत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सुजतो. मग सांध्याच्या रेषेवर बोट ठेवलं की दुखतं, उठताबसता टक्क आवाज येतो, आणि फाटलेला तुकडा मध्ये अडकला तर पाय सरळच होत नाही. डॉक्टर गुडघा दुमडून, पाऊल हातात धरून फिरवून बघायचे. पुढं एमआरआय आला आणि चीर दिसायला लागली. पण एमआरआयला एक गोष्ट कधी सांगता आली नाही. चीर कधीची? चाळिशीनंतर तर कितीतरी लोकांच्या गाद्या झिजून फाटलेल्या असतात आणि त्यांना काही दुखतही नसतं. आज दुखतंय म्हणून चीर आजचीच आहे, असं म्हणता येत नाही.

पट्टा नेमकं ते सांगायचा. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली जखम भरते. आतल्या भागाला रक्त नाही, तिथं फाटलं ते फाटलेलंच राहतं, आणि फाटलेली कड सांध्यातल्या पाण्यात उघडी पडते. त्या पाण्यात साखर असते. तव्यावरची भाकरी ज्या रासायनिक क्रियेनं तांबूस होते, तीच क्रिया या कडेवर शरीराच्या उबेत अतिशय संथपणे चालू राहते, वर्षानुवर्षं. पट्टा बाहेरून ध्वनिलहरी आणि अवरक्त प्रकाश आत सोडायचा आणि कड किती तांबूस झाली आहे ते मोजायचा. प्रत्येकाची साखर वेगळी, प्रकृती वेगळी, त्यामुळं आकड्यात चार-सहा महिन्यांची चूक व्हायची. पण एकाच गुडघ्यात दोन कडा असतील आणि त्यातल्या एकीची तारीख ठाऊक असेल, तर दुसरीची तारीख फार बारकाईनं काढता यायची.

त्रिशलाच्या गुडघ्यात तशा दोन कडा होत्या. २० मार्च २०१८ ला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गादीचा अडकलेला तुकडा कापून काढला होता. ती सर्जनच्या हत्यारानं झालेली कड. आणि त्याच्या मागं, गादीच्या शेपटाशी, मूळ चिरेचा एक लहानसा भाग तसाच राहिला होता. स्थिर आहे म्हणून सर्जननं त्याला हात लावला नव्हता.

पट्टा सात मिनिटं गुणगुणला. कंपनीचा माणूस खूश झाला. शस्त्रक्रियेची तारीख यंत्रानं तेवीस दिवसांच्या फरकानं बरोबर ओळखली होती. खरी तारीख भरल्यावर दुसरी कडही पडद्यावर उमटली. डॉ. समीनानं चष्मा वर करून वाचलं.

"त्रिशलाताई, मूळ चीर शस्त्रक्रियेच्या दोनशे दिवस आधीची आहे. वीस दिवस इकडे-तिकडे. तुम्ही दीड महिना म्हणाला होतात ना?"

त्रिशला म्हणाली, की हो, फेब्रुवारीत पडले होते. डॉक्टर म्हणाल्या, की मग त्याच्या बरंच आधी फाटलं असणार. फेब्रुवारीत फक्त तुकडा सुटून अडकला असेल. असं खूपदा होतं, काही दिवस गुडघा वाजतो आणि खेळाडू दुर्लक्ष करतात. त्या हे सगळं सहज बोलत होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या नऊ वर्षांच्या होत्या.

चाचणीचा अहवाल यंत्र चालवणाऱ्यानं सही केली तरच जपला जायचा, नाहीतर आठ दिवसांनी आपोआप पुसला जायचा. त्रिशलानं पट्ट्यावरचं जेल पुसलं, पट्टा खोक्यात ठेवला, सलवार खाली ओढली. दोनशे दिवस मागं मोजायला तिला कॅलेंडर लागलं नाही. ऑगस्टचा शेवट, भाद्रपद. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही. पुढचा पेशंट आत आला.

काय घडलं होतं ते असं.

२०१७ च्या पावसाळ्यात मिरजेच्या कृष्णाकाठ क्रीडा मंडळात दोन मुली होत्या, ज्यांच्यापैकी एकीची राज्य शिबिरासाठी निवड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. एक त्रिशला, मुख्याध्यापक मगदूम गुरुजींची मुलगी. दुसरी विजया लोहार, जिचे वडील लोखंडी ग्रिल बनवायचे. विजू आणि त्रिशला आठवीपासून एकत्र खेळत होत्या. एकीच्या डब्यातलं दुसरी खायची, एकीचे बूट फाटले तर दुसरीही अनवाणी पळायची. खो-खोत आक्रमण करणारे खेळाडू दोन खांबांच्या मध्ये ओळीनं बसतात, एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. या दोघींची पाटी, म्हणजे बसायची जागा, शेजारशेजारची असायची.

भाद्रपदातल्या जैनांच्या दशलक्षण पर्वात त्रिशला वडिलांबरोबर बाहुबलीच्या डोंगरावर गेली होती. उतरताना पायरी ओली होती. पाऊल पायरीवर अडकलं आणि अंग पुढं वळलं. आत काहीतरी कागद फाटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजला. अण्णांनी, म्हणजे गुरुजींनी, स्वतः शेक दिला, क्रेप बँडेज बांधलं आणि सांगितलं की मंडळात बोलू नकोस, निवडीचं वर्ष आहे. पंधरा दिवस ताप आल्याचं सांगून ती घरी बसली. सूज उतरली. गुडघा अधूनमधून वाजायला लागला, पण पळता येत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी निवड चाचणी होती. विजू पळतीच्या मागं होती, त्रिशला पाटीवर बसली होती. विजूनं मागून येऊन तिच्या पाठीवर हात मारला, "खो". त्रिशला उठली, वळली आणि खाली पडली. गुडघा वाकला तो सरळ होईना. मैदानावरची माणसं धावली. कुणीतरी म्हणालं, केवढ्यानं ढकललं पोरीनं.

मंडळाची शिस्त समिती आठ दिवसांनी बसली. अण्णा समितीवर नव्हते, पण खोलीत होते. विजूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी नेहमीसारखाच खो दिला. एवढंच, त्यापुढं एक अक्षर नाही. मग कुबड्यांवर उभ्या असलेल्या त्रिशलाला अध्यक्षांनी विचारलं, की जाणूनबुजून ढकललं का? तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीकडे बघत होते. ती म्हणाली, "हो, जोरात ढकललं."

विजूवर दोन वर्षांची बंदी आली. मंडळाची बंदी असलेल्या खेळाडूला शिबिरात घेत नाहीत. राज्याचं प्रमाणपत्र हुकलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली खेळाडूंच्या जागेवरची पोलीस भरतीही. दोन वर्षांनी विजूचं लग्न करून दिलं तासगावला. त्यानंतर दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं.

हे सगळं त्रिशलाला रोज आठवायचं असं नाही. ती खोटं बोलली होती असंही तिला कधी स्वच्छपणे वाटलं नव्हतं. पाठीवर हात पडला होता, हे खरं. त्यानंतर ती पडली होती, हेही खरं. मधली पायरी तिनं कुठं ठेवली होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पंचवीस वर्षांत ती जागा बधिर झाली होती, दात काढल्यावर हिरडी होते तशी.

सहाव्या दिवशी तिनं अहवालावर सही केली.

मग ती अण्णांशी बोलली. अण्णा आता सत्त्याहत्तर वर्षांचे होते, दृष्टी अधू झालेली, पण स्मरण लख्ख. सूर्यास्ताआधीचं जेवण चाललं होतं. तिनं भाजी वाढता वाढता पट्ट्याचं सांगितलं, दोनशे दिवसांचं सांगितलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला. मग म्हणाले, की यंत्रं काय, आज एक सांगतात, उद्या दुसरं.

"अण्णा, आपण बाहुबलीला गेलो होतो."

"पायरीवर सगळेच घसरतात," अण्णा म्हणाले. "त्यावर पळत होतीस की नाही पाच महिने? पडलीस ती विजयानं हात मारल्यावर. मी तुझ्यासाठी जे योग्य तेच केलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात बेरीज समजावून सांगावी तसं ते बोलले. त्रिशलानं पाणी वाढलं. तिला वाटलं होतं की या क्षणी ती ओरडेल किंवा रडेल. तिनं ताटं उचलली, घासली, पालथी घातली.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत केंद्रात रोज चाळीस-पन्नास माणसं येऊ लागली. गुडघा दुखतो म्हणून येणारी त्यात कमीच. बाकीच्यांना तारीख हवी असायची. एका गिरणीचा मालक सहा कामगारांना घेऊन आला, कामावर इजा झाली म्हणणाऱ्यांपैकी कोण खरं बोलतोय ते बघायला. कवठ्याचा एक पैलवान आला, वस्तादाला घेऊन. पोराला इजा आखाड्यात झाली की लग्नाच्या वरातीत, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. एक माजी सैनिक आला आणि अहवाल हातात पडल्यावर तिथंच बाकावर बसून राहिला. त्याची चीर सेवेत असतानाची निघाली होती. अकरा वर्षं त्याला घरचेदेखील ढोंगी म्हणत होते. एक बाई नवऱ्याला घेऊन आली आणि तारीख ऐकून एकटीच रिक्षा करून गेली.

त्रिशला सगळ्यांना पट्टा बांधायची, सात मिनिटं थांबायची, कागद द्यायची. माणसं कागद वाचताना त्यांचे चेहरे कसे बदलतात हे ती बघायची आणि पुढच्याला आत बोलवायची. डॉ. समीना एकदा म्हणाल्या, की ताई, तुमच्यासारखं स्थिर मला राहता येत नाही. त्रिशलानं पुढच्या पेशंटच्या गुडघ्याला जेल लावलं. ते स्थिर राहणं नव्हतं, पण काय होतं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता.

मार्चच्या एका रविवारी ती तासगावला गेली.

बेदाण्याचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीच्या शेड होत्या, त्यात रॅकवर द्राक्षं वाळत घातलेली. विजूचा पत्ता तिनं विजूच्या भावाकडून घेतला होता. एका मोठ्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका बसून बेदाणा निवडत होत्या, काड्या वेगळ्या, काळे दाणे वेगळे. आता हे काम यंत्रं करतात, पण शेवटचा हात माणसाचाच लागतो असं मालकांचं म्हणणं. विजू तिथं मुकादम होती. केस पांढरे झाले होते, अंग भरलं होतं, पण ती वळली तशी त्रिशलानं तिला ओळखलं. वळण तेच होतं, खांबाला हात लावून वळायची तसं.

विजूनंही ओळखलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. हातातलं सूप शेजारणीला दिलं आणि ती बाहेर आली. शेडच्या सावलीत रिकामी कॅरेट होती, त्यातली दोन तिनं उलटी टाकली.

"बस की."

त्रिशला बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. विजूची मुलगी नर्सिंग शिकत होती सांगलीला. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, चांगला होता. लोहारकाका गेले होते, कोविडात. त्रिशलानं अण्णांचं सांगितलं. मग ती सगळं सांगत गेली, एका सुरात, पेशंटला समजावते तसं. गादी, कड, साखर, तांबूस होणं, दोनशे दिवस. पर्समधून अहवाल काढून विजूच्या हातात दिला. विजूनं तो वाचला नाही. घडी घालून मांडीवर ठेवला.

"म्हंजे मशीननं सांगितलं म्हणून आलीस व्हय तू," ती म्हणाली.

त्रिशलानं पर्स बंद केली.

"मला कशाला मशीन पायजे? मी तुझ्या शेजारच्या पाटीवर बसत होते. गणपतीनंतर तू उठलीस की गुडघा टक्क वाजायचा तुझा. रोज ऐकायची मी. उठताना तू तोंड वाकडं करायचीस ते तुला वाटायचं कुणाला दिसत न्हाई."

"मग समितीपुढं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुलाच काढलं असतं. दुखणं लपवलं म्हणून." विजूनं हातावरची बेदाण्याची चिकट धूळ पदराला पुसली. "मला वाटलं, तू सांगशील. तुला इचारलं तवा मी तुझ्याकडंच बघत होते. तू गुरुजींकडं बघितलंस."

शेडमधून कुणीतरी हाक मारली, कॅरेट भरलं म्हणून. विजूनं आत काय करायचं ते ओरडून सांगितलं. पुन्हा बसली. तिच्या बोलण्यात चीड नव्हती, हेच त्रिशलाला ऐकताना जड जात होतं. विजू पुढं म्हणाली, की पहिली दोन-तीन वर्षं ती रोज मनात त्या खोलीत जायची. मग मुलगी झाली आणि जायला वेळ उरला नाही. आता कधीतरी पोलीस भरतीची पोरं रस्त्यानं पळताना दिसली की तेवढं आठवतं. मुलीला तिनं खेळू दिलं नाही, कारण विचारलं की सांगितलं नाही. या गोष्टीचं मात्र तिला वाईट वाटतं.

"माफी मागायला आले नाही मी," त्रिशला म्हणाली. "मागावी हे कळतं. पण मला आत काहीच जाणवत नाही, विजू. आले तेव्हाही नाही, आताही नाही. खोटं खोटं रडायला नको वाटलं."

विजूनं तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं.

"मग नगं रडू," ती म्हणाली. "लिहून दे. तुझ्या हातानं. मशीनचं नगं, तुला ठावं होतं ते लिही. माझ्या बाचं नाव मंडळाच्या वहीत अजून आहे, ढकलणाऱ्या पोरीचा बाप म्हणून."

मांडीवरचा अहवाल तिनं परत केला.

पत्र लिहायला त्रिशलाला चार ओळी पुरल्या असत्या, पण आठ दिवस लागले. अहवाल जोडून पाठवणं सोपं होतं. त्यात सगळं होतं, आणि ती कुठंच नव्हती. यंत्रानं नवं काहीतरी शोधलं, त्यामुळं जुना निर्णय चुकला, असं सगळ्यांनाच म्हणता आलं असतं. मंडळातल्या लोकांना तर ते फारच आवडलं असतं. शेवटी तिनं कोऱ्या कागदावर लिहिलं, की माझा गुडघा भाद्रपदात पायरीवरून उतरताना दुखावला होता, हे मला तेव्हा माहीत होतं, ते मी लपवलं. विजया लोहारनं मला नियमाप्रमाणे खो दिला. समितीपुढं मी खोटं सांगितलं. खाली सही, तारीख. वडिलांचं नाव तिनं लिहिलं नाही, आणि अहवालही जोडला नाही.

मंडळाची बैठक एप्रिलमध्ये झाली. त्रिशला स्वतः सहा वर्षं मंडळाच्या निवड समितीवर होती आणि मैदानाच्या कडेला बसून मुलींना खेळ शिकवायची, त्यामुळं बैठकीला आलेले बहुतेक तिच्या ओळखीचे. अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवलं, वाचताना दोनदा खाकरले. कुणी म्हणालं, पंचवीस वर्षांनी आता कशाला हे उकरायचं. कुणी म्हणालं, आता पट्टा आला आहे, तर सगळ्याच जुन्या नोंदी तपासून घेऊ या, आणि त्यावर दोघे-तिघे एकदम गप्प झाले. अध्यक्षांनी विचारलं, की यंत्राचा अहवाल आहे असं कानावर आलंय, तो का दिला नाही? त्रिशला म्हणाली, की मला आठवतंय, अहवालाची गरज नाही.

वहीतली बंदीची नोंद रद्द झाली. तसं विजूला पत्रानं कळवायचं ठरलं. दुखापत लपवणं आणि समितीला खोटं सांगणं यासाठी त्रिशला मगदूमला निवड समितीवरून आणि मंडळाच्या सभासदत्वावरून काढलं. हात वर करणाऱ्यांत तिनं शिकवलेल्या दोन मुली होत्या. बैठक संपल्यावर त्यांच्यातली एक जिन्यापर्यंत आली आणि त्रिशला पडू नये म्हणून तिनं हात पुढं केला. त्रिशलानं तो धरला आणि दोघी खाली उतरल्या.

अण्णांना हे दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवर सांगितलं. पत्रात त्यांचं नाव नव्हतं, पण मिरजेत ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांनी तिला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी फक्त लागेल तेवढं बोलायला लागले. औषध, पाणी, दिवा. देवळात जाताना तिचा हात धरायचे तो सोडून त्यांनी काठी घेतली. एकदा ती कपड्यांच्या घड्या घालत असताना ते दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्या पोरीच्या बापाला मी ओळखत होतो. शाळेचं फाटक त्यानंच केलं होतं." पुढं काही बोलतील म्हणून ती थांबली. ते काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

त्या रात्री तिला झोप लागली आणि सकाळी जागही वेळेवर आली. आरशात बघताना तिला वाटलं, की काहीतरी बदललं असेल तर ते इतकं खोल आहे, की पट्टा लावूनसुद्धा दिसायचं नाही.

मेच्या अखेरीस, बेदाण्याचा हंगाम उरकल्यावर, पेशंटांच्या यादीत विजया लोहार हे नाव आलं. सासरचं नाव नाही, लोहारच. तासगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: डावा गुडघा, उकिडवं बसल्यावर अडकतो, दोन दिवस सरळ झाला नाही. सांगलीत अशी तीन केंद्रं होती आणि तिची मुलगी तिथंच शिकत होती. विजू मात्र मिरजेला आली होती. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, आईसारखीच लांब पायांची.

विजू आत आली आणि टेबलावर बसली. मंडळाचं पत्र मिळालं का, हे त्रिशलानं विचारलं. विजू म्हणाली, मिळालं, बाच्या फोटोमागं ठेवलंय. आणि पुढं म्हणाली, की एवढ्यावरनं सगळं मिटलं असं समजू नको. त्रिशला म्हणाली, समजत नाही.

तिनं पट्टा खोक्यातून काढला. तो बघून विजूनं हात आडवा केला.

"तारीख नगं," ती म्हणाली. "कधी फाटलं, कशानं फाटलं, ते मला नगं. दुखतंय कुठं आणि आता काय करायचं, तेवढं बघ."

तारीख नको असेल तर ते बंद करायचं एक बटण यंत्रावर होतं. पाच महिन्यांत ते कुणी दाबायला सांगितलं नव्हतं. त्रिशलानं ते शोधून दाबलं. मग पट्टा बाजूला ठेवला. आधी हातानं बघावं लागेल, ती म्हणाली. तिनं हात धुतले, पुसले, आणि थंड लागू नयेत म्हणून एकमेकांवर चोळले. तिच्या लक्षात आलं की ते थरथरत आहेत. सोळा वर्षांत तसं झालं नव्हतं. तिनं ते लपवलं नाही.

विजूनं ते बघितलं. मग डावा पाय उचलून तिच्या हातात दिला आणि त्याचा सगळा भार सोडला.